कुठल्या लोबमध्ये किती हवा खेळते? सीटीवरून फुफ्फुसाची मोजणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरजेत डॉक्टरकी जुनी आहे. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय सुरू केलं, आणि वॉनलेसवाडीतलं क्षयरोग्यांचं सॅनिटोरियम अजूनही जुन्या माणसांच्या बोलण्यात येतं. त्यामुळे दम लागणारं माणूस जतचं असो, तासगावचं असो, खटाव-माणचं असो की सीमेपलीकडच्या अथणीचं, शेवटी मिरजेचं तिकीट काढतं. मी रेडिओलॉजिस्ट आहे. गेली काही वर्षं छातीच्या सीटीबरोबर 'क्वांटिटेटिव्ह' म्हणजे मोजणीचा रिपोर्टही देतो. तो हातात पडला की पेशंट आणि नातेवाईक जे विचारतात, तेच इथे लिहिलं आहे. चिठ्ठी लिहून देणारे डॉक्टर वेगळे असतात, त्यांची जागा हे पान घेत नाही.

साधा एचआरसीटी आणि ही मोजणी, यात फरक काय? कोविडच्या वेळी स्कोर यायचा, तसंच का हे?

मशीन तेच, टेबल तेच. फरक आहे तो फोटो काढून झाल्यावर.

कोविडच्या काळात गावागावात "स्कोर किती?" हाच प्रश्न होता. तो २५ पैकीचा स्कोर आम्ही डोळ्यांनी द्यायचो. लोब म्हणजे फुफ्फुसाचे मोठे भाग. उजव्या फुफ्फुसाचे तीन लोब आणि डाव्याचे दोन, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. म्हणजे तो अंदाज होता. अनुभवी नजरेचा असला तरी अंदाजच. दोन रेडिओलॉजिस्ट एका पेशंटला ११ आणि १४ देऊ शकत होते.

मोजणीत अंदाज नसतो. सीटीच्या फोटोत फुफ्फुस बारीक ठोकळ्यांत कापलेलं असतं. एक ठोकळा साधारण अर्धा घन मिलिमीटरचा. पाच लिटर हवा भरलेल्या फुफ्फुसात असे सुमारे एक कोटी ठोकळे होतात, आणि प्रत्येकाला स्वतःचा आकडा असतो. या आकड्याला हाउन्सफिल्ड युनिट म्हणतात. सीटी शोधणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांचं ते नाव. त्यांना आणि ॲलन कॉरमॅक यांना १९७९ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. मापपट्टी सोपी आहे: पाणी शून्य, हवा उणे १०००. पूर्ण श्वास भरलेल्या निरोगी फुफ्फुसाचा आकडा उणे ८५० च्या आसपास येतो. त्याचा अर्थ, त्या ठोकळ्यात ८५ टक्के हवा आणि १५ टक्के मांस-रक्त. कंपनीचं सॉफ्टवेअर लोबनिहाय हे कोटी आकडे मोजतं आणि कुठे किती बिघाड आहे ते सांगतं.

फोटो तर स्थिर असतो. त्यातून फुफ्फुस काम किती करतं, हे कसं कळणार?

एका फोटोतून नाहीच कळत. म्हणून दोन काढतो: एक छाती भरून, एक श्वास सोडून. लोहाराचा भाता चांगला आहे का हे बघायचं, तर तो फुगलेला बघायचा आणि दाबलेलाही बघायचा.

थोडा हिशेब करू, जड नाही. समजा फुफ्फुसातला एक मिलिलिटरचा तुकडा धरला. श्वास भरल्यावर त्याचा आकडा उणे ८५०, म्हणजे ०.८५ मिलि हवा आणि ०.१५ मांस-रक्त. श्वास सोडल्यावर आकडा झाला उणे ७००. मांस-रक्त तेवढंच राहिलं असं धरलं, तर आता तेच ०.१५ मिलि एकूण जागेच्या ३० टक्के भरतंय. म्हणजे तुकडा आक्रसून अर्धा मिलि झाला, आणि हवा ०.८५ वरून ०.३५ वर आली. अर्धा मिलि हवा बाहेर पडली. चांगला भाता.

आता शेजारचा आजारी तुकडा घ्या. भरल्यावर उणे ९००, सोडल्यावर उणे ८८०. इथे ०.९० मिलि हवेतली जेमतेम ०.१७ बाहेर आली, बाकीची आतच बसून राहिली. माणसाने जोर लावून श्वास सोडला, पण त्या तुकड्याने नाही सोडला. यालाच आम्ही 'एअर ट्रॅपिंग', अडकलेली हवा म्हणतो.

अडचण अशी की श्वास सोडल्यावर छाती आणि पोट यांमधला पडदा वर येतो, सगळं फुफ्फुस सरकतं. मग आधीच्या फोटोतला तुकडा नंतरच्या फोटोत शोधायचा कसा? भोगीची बाजरीची भाकरी आठवा. वर तीळ लावून थापली की जिथे पीठ पसरतं तिथे तीळ लांब लांब जातात, जिथे हात कमी पडतो तिथे जवळच राहतात. सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं. रक्तवाहिन्यांचे फाटे हे त्याचे तीळ. कुठला फाटा किती लांब गेला त्यावरून तो भाग किती ताणला गेला, म्हणजे तिथे किती हवा आली-गेली, हे काढता येतं.

फुंकायची तपासणी, पीएफटी, केली आहे. मग हे कशाला?

पीएफटी नसेल तर मीच आधी ती करून या म्हणतो. स्वस्त आहे, किरण नाहीत, आणि सीओपीडीचं, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या अडण्याच्या आजाराचं, निदान त्यावरच होतं. पंपाचं औषध दिल्यावरही जोरात फुंकताना पहिल्या सेकंदात निघालेली हवा एकूण हवेच्या ०.७० पेक्षा कमी निघाली, तर नळ्या अडलेल्या आहेत.

पण ती तोंडाशी मोजते. दोन्ही फुफ्फुसांचा मिळून एक आकडा. साखर कारखान्यात पाच शेतकऱ्यांचा ऊस एकाच काट्यावर टाकला तर वजन कळेल, कुणाचा उतारा कमी ते नाही कळणार. माझ्याकडे एकाच दिवशी आलेले दोन पेशंट असेच होते. दोघांची पहिल्या सेकंदाची हवा सव्वा लिटरच्या आसपास. एकाचे दोन्ही वरचे लोब फुग्यासारखे पोकळ आणि खालचे बऱ्यापैकी शाबूत. दुसऱ्याच्या पाचही लोबमध्ये थोडी थोडी हवा अडकलेली. पहिल्याच्या बाबतीत ऑपरेशनचा विचार तरी करता येतो, दुसऱ्याच्या नाही.

शिवाय दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्यांचा अडथळा पीएफटीत उशिरा उमटतो. निरोगी माणसात एकूण अडथळ्यातला त्यांचा वाटा इतका कमी असतो की बऱ्याच नळ्या बाद होईपर्यंत आकडा फारसा हलत नाही. या नळ्या सीटीतही थेट दिसत नाहीत. पण त्यांच्यामागे अडकलेली हवा दिसते.

माझ्या आईने आयुष्यात विडी ओढली नाही. तरी दमा-सीओपीडी म्हणतात. आणि रिपोर्टमध्ये एम्फिसीमा ३ टक्केच आहे. मग चुकलंय कोण?

कुणीच नाही. हा प्रश्न मला आवडतो, कारण मोजणीचा खरा उपयोग इथे दिसतो.

आमच्या भागातल्या साठीच्या पुढच्या बाईला मी आधी विचारतो, "आजी, जळण काय होतं?" शेणी, तुरकाट्या, ऊसाचं चिपाड, पावसाळ्यात ओली लाकडं. खोलीला धुराडं नाही, चुलीपाशी रोजचे तास, आणि हे चाळीस वर्षं. हा धूर विडीच्या धुरापेक्षा वेगळं नुकसान करतो. विडी-सिगारेटवाल्याच्या फुफ्फुसात हवेच्या पिशव्यांच्या भिंती विरघळून पोकळ्या होतात, तो एम्फिसीमा. चुलीच्या धुरात पोकळ्या कमी, पण बारीक नळ्या जाड आणि अरुंद जास्त. हे जगभरच्या पाहण्यांत दिसलं आहे.

आता रिपोर्ट बघा. एम्फिसीमाची ओळ म्हणजे श्वास भरलेल्या फोटोत उणे ९५० पेक्षा हलके ठोकळे किती टक्के. पाचाच्या आत असेल तर फारसा नाही असं सहसा धरतात. आईचे ३ आले, ठीक. पण खालची ओळ वाचा: श्वास सोडलेल्या फोटोत उणे ८५६ पेक्षा हलके ठोकळे किती. तिथे ३५-४० टक्के दिसले तर दम कशाने लागतो ते समजतं. २०१२ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी या दोन्ही फोटोंचे ठोकळे एकमेकांवर बसवून तीन रंगांचा नकाशा करायची रीत मांडली. दोन्हीकडे ठीक ते हिरवे. भरताना ठीक पण सोडताना हवा अडकलेली, ते पिवळे, म्हणजे बारीक नळ्यांचा आजार. दोन्हीकडे पोकळ ते लाल, म्हणजे एम्फिसीमा. चुलीवरच्या आज्यांचे नकाशे बहुधा पिवळे निघतात.

नुसता श्वास भरलेला एकच फोटो काढून "एम्फिसीमा नाही, सगळं नॉर्मल" असं सांगून पाठवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. घरी गेल्यावर त्यांना ऐकावं लागतं की कामाचा कंटाळा म्हणून दम लागतो. एवढ्यासाठी तरी दुसरा फोटो काढावा असं माझं मत आहे.

वीस वर्षांपूर्वी टीबी झाला होता, गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला. आता थुंकी निगेटिव्ह आहे, तरी धाप लागते. यात काय दिसेल?

जंतू गेले, पण त्यांनी करून ठेवलेली पडझड राहिली. आपल्याकडे हा फार मोठा वर्ग आहे आणि त्याच्याकडे फार कमी लक्ष जातं. वरच्या लोबमध्ये व्रण, पोकळी, ओढल्या गेलेल्या नळ्या, आणि त्या ओढीमुळे खालचे लोब ताणले गेलेले.

इथे एक खबरदारी. निव्वळ आकडा टीबीच्या फुफ्फुसात फसवतो. पोकळीतली हवा सॉफ्टवेअरला एम्फिसीमा वाटते, व्रणाचा घट्ट भाग त्याला फुफ्फुसच वाटत नाही. तो सीमारेषेबाहेर टाकून देतं आणि उरलेल्या चांगल्या भागाची टक्केवारी छापतं. म्हणून अशा पेशंटच्या सीमारेषा मी स्वतः हाताने दुरुस्त करतो, अर्धा-पाऊण तास जातो. तुमच्या रिपोर्टवर टीबीचा इतिहास आहे आणि सीमारेषा तपासल्याचा उल्लेख नाही, तर विचारा. विचारायला लाजू नका.

नीट मोजलं तर उत्तर कामाचं मिळतं. डावा वरचा लोब जवळजवळ काहीच काम करत नाही, पण उजवा खालचा एकटा निम्मा भार उचलतोय, असं कळलं की त्या चांगल्या लोबची काळजी घ्यायची: लसी, व्यायाम, छातीचा फिजिओ.

फुफ्फुसाचा तुकडा काढायचं ऑपरेशन सांगितलं आहे. त्यासाठी ही मोजणी का मागतात?

उरलेल्या फुफ्फुसावर माणूस जगेल का, आणि कसा, हे आधी बघायचं असतं.

जुनी आणि आजही चालणारी रीत अशी: दोन्ही फुफ्फुसांचे मिळून १९ खंड, म्हणजे लोबचे छोटे भाग, धरायचे. उजवा वरचा लोब ३, मधला २, खालचा ५, डावा वरचा ५, डावा खालचा ४. पहिल्या सेकंदाची हवा १.८ लिटर आहे आणि उजवा वरचा लोब काढायचा आहे, तर १९ पैकी १६ खंड उरले. १.८ गुणिले १६ भागिले १९, म्हणजे सुमारे दीड लिटर.

या हिशेबात सगळे खंड सारखे कामाचे धरले आहेत. प्रत्यक्षात तो लोब टीबीने आधीच बाद झालेला असेल, तर काढल्याने फारसं काही जाणार नाही, हवा १.८ च्या जवळच राहील. उलट आजूबाजूला सगळा एम्फिसीमा आणि गाठ नेमकी शाबूत लोबमध्ये असेल, तर दीडपेक्षाही खूप खाली येईल. लोबनिहाय मोजणी हा फरक दाखवते. शंका राहिलीच तर गॅमा कॅमेऱ्यावर टेक्नेशियमचा स्कॅन करून रक्त कुठे किती जातं तेही बघतात.

एम्फिसीमावर नळीत झडप बसवतात म्हणे. मला चालेल का?

ब्राँकोस्कोपीतून एकमार्गी झडपा बसवतात, हवा बाहेर येते पण आत जात नाही. फुगलेला निकामी लोब बसतो आणि शेजारच्या चांगल्या लोबला जागा होते. अमेरिकेत २०१८ मध्ये अशा झडपांना मान्यता मिळाली. अट मोठी आहे: दोन लोबमधली नैसर्गिक भिंत, फिशर, जवळपास अखंड हवी. भिंतीला खिंडार असेल तर शेजारच्या लोबमधून हवा येत राहते आणि झडपेचा उपयोग होत नाही. फिशर किती टक्के अखंड आहे आणि कुठला लोब सगळ्यात पोकळ आहे, हे दोन्ही या मोजणीतूनच कळतं. झडप बसवल्यावर फुफ्फुसाभोवती हवा जमायचा धोकाही असतो, त्यामुळे हे पुण्या-मुंबईच्या अनुभवी केंद्रातच.

जागेचं महत्त्व याआधी ऑपरेशनच्या बाबतीतही दिसलं होतं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. फुफ्फुसाचा पोकळ भाग कापून टाकण्याच्या शस्त्रक्रियेने जास्त जगले ते, ज्यांचा एम्फिसीमा मुख्यतः वरच्या लोबमध्ये होता आणि चालण्याची ताकद कमी होती. बाकीच्यांना तसा फायदा नव्हता.

कामाच्या जागेची चौकशी एवढी का करता?

कारण फोटोत डाग दिसतो, डागाचं कारण नाही दिसत. खडी क्रशर, फाउंड्रीतली वाळू, गुऱ्हाळाचा धूर, बेदाणा शेडमधली गंधकाची धुरी, कुबट चिपाडाची धूळ, गच्चीवरची कबुतरं. सगळं सांगा, "त्याचा काय संबंध" असं मनात आलं तरी सांगा. कुबट चिपाडाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला तर पुस्तकात स्वतःचं नाव आहे, बॅगॅसोसिस. व्रणाच्या आजारात आकडे उलट्या बाजूला जातात: फुफ्फुस हलकं न होता जड होतं, उणे ६०० ते उणे २५० या पट्ट्यातले ठोकळे वाढतात.

तपासणीच्या आधी उपाशी राहायचं का? इंजेक्शन असतं का?

नाही आणि नाही. इंजेक्शन दिलं तर रक्ताचा आकडा वाढतो आणि मोजणी बिघडते. बाईला दिवस गेले असतील किंवा शंका असेल तर आधी सांगायचं. पंप घेऊन यायचं की न घेता, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. पहिल्या वेळी जे केलं तेच दुसऱ्या वेळी करा.

श्वास कसा रोखायचा? वडिलांना ऐकू कमी येतं.

सगळी तपासणी या एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून जरा सविस्तर.

मशीनमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज असतो, "सांस लीजिए, सांस रोकिए". जतच्या पूर्व भागातली एक आजी. घरात कानडी, बाजारात मराठी, हिंदीचा गंध नाही. मशीन बोललं की ती घाबरून उठून बसायची. दोन्ही फोटो आले तेव्हा भरलेलं फुफ्फुस आणि सोडलेलं फुफ्फुस जवळजवळ सारखंच. सॉफ्टवेअरने छापलं, "तीव्र एअर ट्रॅपिंग". मी सही करायच्या आधी दोन्ही फोटोंतली श्वासनलिका पाहिली. श्वास सोडला की नलिकेची मागची भिंत पुढे येते, गोल नळी चंद्रकोरीसारखी होते. हिची दोन्हीकडे गोलच. म्हणजे आजीने श्वास सोडलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी नातवाला बाहेर उभं करून माइकवरून कानडीत सांगायला लावलं, आणि निम्मा "आजार" गेला.

तेव्हापासून आम्ही मशीनचा आवाज बंद ठेवतो. टेक्निशियन बाहेरच्या खोलीत पाच-सहा वेळा सराव करून घेतो. ऐकू येत नसेल तर हाताची खूण ठरवतो: मूठ उघडली की भरा, मिटली की रोखा. खोकला असेल तर आधी कोमट पाण्याचा घोट. फोटो दहा सेकंदांच्या आत होतो, दम लागणारं माणूससुद्धा सरावाने तेवढं रोखतं. आडवं झोपवत नसेल तर आधी सांगा.

श्वास सोडण्याचेही दोन प्रकार आहेत. सहज सोडून थांबायचं, किंवा शेवटपर्यंत पिळून काढायचा. दोन्ही रीती चालतात, आकडे मात्र वेगळे येतात. रिपोर्टवर कुठली रीत ते लिहिलेलं असावं.

दोन फोटो म्हणजे किरणं दुप्पट ना?

दोन फोटो म्हणजे दोनदा किरणं, हे खरं. पण मोजणीसाठी गाठ शोधण्याइतका झकपक फोटो लागत नाही. कमी डोसचा छातीचा सीटी साधारण दीड मिलिसिव्हर्टचा, नेहमीचा पाच ते सातचा. तुलनेसाठी, माती, आकाश आणि अन्न यांतून माणसाला जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. श्वास सोडलेला फोटो आम्ही कायम कमी डोसवर काढतो. तरी पंचविशीच्या मुलाला उगाच दर सहा महिन्यांनी हे करू नये. सत्तरीच्या आजोबांच्या बाबतीत ही काळजी जवळजवळ सोडून द्यावी.

रिपोर्टमध्ये एवढे टक्के आहेत. आधी कुठला बघायचा?

एकूण फुफ्फुसाचं आकारमान, भरलेलं आणि सोडलेलं. दोन्हीत फरकच नसेल तर पुढचं सगळं संशयाने वाचा, वरच्या आजीसारखं झालं असेल. मग लोबनिहाय तक्ता. पाचही लोब सारखे आहेत की एखादा वेगळा पडलाय? मग रंगीत नकाशा.

पाठीकडचा भाग जरा जड दिसला तर घाबरू नका. उताणं झोपल्यावर फुफ्फुसाचं वजन आणि रक्त पाठीकडे उतरतं, ते निरोगी माणसातही दिसतं.

आणि 'पर्सेंटाइल १५' अशी ओळ असेल तर ती टक्केवारी नाही. सगळ्यात हलके १५ टक्के ठोकळे ज्या आकड्याच्या खाली येतात, तो आकडा. उणे ९३० वरून उणे ९४० झाला तर फुफ्फुस पोकळ होतंय, चांगलं नाही. उणे आहे हे विसरून "दहाने वाढला" म्हणून पेढे आणलेले एक गृहस्थ मला माहीत आहेत. पेढे मी खाल्ले, मग समजावलं.

विडी सोडली, वर्षाने परत केला, तर एम्फिसीमा वाढला! मग सोडून फायदा काय?

"आवं डाक्टर, वडत हुतो तवा बरं हुतं की," असं पलूसकडच्या एका मामांनी मला तोंडावर सुनावलं होतं.

विडी ओढणाऱ्याच्या फुफ्फुसात सूज असते, पेशी आणि चिकट द्रव साठलेला असतो. त्याने फुफ्फुस जड दिसतं, पोकळ्या काही अंशी झाकल्या जातात. विडी सुटली की वर्षभरात सूज उतरते, फुफ्फुस फोटोत हलकं होतं, आणि आधीपासूनच असलेल्या पोकळ्या मोजणीत उघड्या पडतात. परदेशातल्या मोठ्या स्क्रीनिंग चाचण्यांत हे नोंदलं गेलं आहे. म्हणून आमच्या फॉर्मवर शेवटची विडी कधी ओढली हे विचारतो, आणि खरं उत्तर हवं असतं. मुलगा शेजारी उभा असेल तर मी त्याला चहा आणायला पाठवतो.

सांगलीत एक आकडा आला, कोल्हापुरात दुसरा. खरा कुठला?

दोन्ही खरे असतील. कापाची जाडी एक मिलिमीटर की पाच, फोटो कडक फिल्टरने बनवला की मऊ, मशीनची कंपनी कुठली, यावर आकडा हलतो. कडक फिल्टरमध्ये नळ्यांच्या कडा सुरेख दिसतात, पण दाणेदारपणा वाढतो आणि त्यातले हजारो ठोकळे उगाच उणे ९५० च्या खाली जातात. माझ्या स्वतःच्या हातून हे झालं आहे. नवीन सॉफ्टवेअर आलं त्या आठवड्यात मी चुकून कडक फिल्टरच्या फोटोवर मोजणी चालवली, आणि एका बऱ्यापैकी माणसाला भरमसाट एम्फिसीमा देऊन बसलो. त्यांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "अहो, हे गृहस्थ रोज गणपती मंदिरापर्यंत चालत जातात." परत मोजलं, आकडा खाली आला. रिपोर्ट बदलून दिला, माफी मागितली.

मशीन रोज हवेवर आणि ठरल्या दिवशी पाण्यावर तपासलेलं हवं. हवा उणे १००० न दाखवता उणे ९८५ दाखवायला लागली, तर एम्फिसीमाचा आकडा कुणाचाच खरा नाही. तुलना करायची असेल तर तेच सेंटर, तीच रीत, तोच श्वास.

औषधाने हे टक्के कमी होतात का?

लाल भाग नाही. पोकळी झालेली जागा परत भरत नाही, तो आकडा तिथेच थांबला तरी चांगलं चाललंय म्हणायचं. पिवळा भाग, म्हणजे अडकलेली हवा, योग्य पंपाने आणि तो नीट ओढल्याने कमी होऊ शकतो, दम्यात तर बऱ्यापैकी. पंप नीट ओढल्याने म्हणतोय, कारण निम्मे पेशंट तो जिभेवर मारतात असा माझा संशय आहे.

बोटावरच्या मशीनवर ऑक्सिजन ९६ येतो. मग सगळं ठीकच ना?

बसल्या जागी ९६ येऊनही जिना चढताना ८८ होणारी माणसं आहेत. आणि सीटी हवा मोजतो, ऑक्सिजन नाही. हवा पोचली पण तिथे रक्त नाही, तर उपयोग नाही. त्यासाठी फुफ्फुसातून वायू रक्तात किती उतरतो ते बघणारी डीएलसीओ तपासणी, सहा मिनिटांची चालण्याची चाचणी, किंवा आयोडीनचं इंजेक्शन देऊन दोन शक्तींच्या किरणांवर केलेला ड्युअल एनर्जी सीटी, ज्यात रक्त कुठे पोचतं याचा नकाशा मिळतो. प्रत्येकाला सगळं लागत नाही. सीटी करून काही निर्णय बदलणार आहे का, हे डॉक्टरांना विचारा. बदलणार नसेल तर पैसे वाचवा.

जुना सीटी आहे. त्यावरून मोजणी करून द्याल का? व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो.

फिल्मच्या फोटोवरून काहीच मोजता येत नाही. फिल्मवर आकडे नसतात, नुसत्या छटा असतात. सीडी लागते, आणि सीडीतही एक-सव्वा मिलिमीटरचे बारीक काप हवेत. बऱ्याच ठिकाणी जागा वाचवायला पाच मिलिमीटरचे जाड कापच सीडीवर देतात आणि बारीक काप काही दिवसांनी मशीनमधून पुसतात. म्हणून सीटी कुठेही करा, निघताना सांगा: "बारीक कापांची पूर्ण डायकॉम सीडी द्या." डायकॉम म्हणजे आकड्यांसकट मूळ फाइल. द्यायला काही अडचण नसते, मागत कुणी नाही एवढंच.

येताना ती सीडी, जुने पीएफटीचे कागद आणि चालू असलेले पंप घेऊन या. पंप पिशवीत तळाशी नको, हातात. स्टँडवरून चालत आलात तर आधी बाकावर दहा मिनिटं बसा, नंबर गेला तरी आम्ही परत हाक मारतो.